साडेनऊची हाक

(मार्कंडा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाचा विषय मी कळवला त्याच दिवशी संध्याकाळी कार्यकर्त्यांचा फोन आला. "सर, विषय लिहिताना काही चुकलं का जी?" दरवर्षी इथे देवळाच्या शिल्पांवर, झाडीबोलीवर, वनहक्कांवर बोलणं होतं. आणि मी कळवलं होतं, 'ऑनलाइन खेळणारी मंडळी खेळणं का सोडतात?' मी म्हणालो, चुकलं नाही. ज्या गुरुजींच्या नावानं ही माला चालते त्यांनी जन्मभर पोरांना पाढे पाठ करायला लावले, आणि धान कापून झालं की स्वतः तोंडाला रंग लावून दंडारीत उभे राहिले. त्यांना हा विषय परका वाटला नसता. इतरांना वाटला तर तासाभराची सवलत द्या.

सुरुवात माझ्या भाच्यापासून करतो. तो चामोर्शीला असतो. त्याची सहा जणांची एक टोळी होती. एकाच वसतिगृहात वाढलेली पोरं. शिक्षण झालं आणि पांगली. दोघं चामोर्शीत, एक आलापल्लीला, एक बल्लारपूरला, एक पुण्यात, एक हैदराबादला. दर शनिवारी रात्री साडेनऊला ती सहाही जण कानाला यंत्र लावून एकाच अरण्यात शिरायची. अरण्य पडद्यावरचं. बाहेरचं खरं अरण्य भाच्याच्या घरापासून फार लांब नाही, पण तिकडे रात्री कोणी जात नाही.

या खेळात प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं असतं. एक मांत्रिक, एक तिरंदाज. एक ढाल घेऊन पुढे उभा राहतो आणि सगळ्यांच्या वाटचा मार खातो. एक वैद्य असतो, तो मागे राहून जखमा भरतो. हे सोंग एका रात्रीत संपत नाही. पुढच्या शनिवारी तेच पात्र, तीच तलवार, मागच्या वेळी जिथे थांबलो तिथूनच पुढे. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ निघाला, तो टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी त्याच धर्तीचा खेळ संगणकावर बांधला. चित्र एकही नव्हतं, नुसती अक्षरं, पण अनेक माणसं एकाच वेळी त्यात वावरू शकत. २००४ च्या नोव्हेंबरात आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'नं जगभरच्या लाखो लोकांना त्यात ओढलं. इतका इतिहास आपल्याला पुरे.

भाच्याची टोळी दोन वर्षं खेळली. मग बंद पडली. मी विचारलं, "काऊन गा, भांडण झालं?" म्हणाला, "नाही मामा. भांडण झालं असतं तर बरं होतं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी सहाही जणांना विचारलं. आलापल्लीचा म्हणाला, नेट धड चालत नव्हतं. पुण्याचा म्हणाला, लग्न झालं. हैदराबादच्याचं म्हणणं, बाकीचे मागे पडले आणि मी फार पुढे गेलो, मजा राहिली नाही. चामोर्शीचा दुसरा म्हणाला, एका तलवारीची वाटणी मला पटली नव्हती. भाच्याकडे तर कारणच नव्हतं. सहावा, बल्लारपूरचा, फक्त हसला. त्याच्याकडे मी शेवटी येईन.

ही सगळी कारणं खरी आहेत, आणि त्यातलं एकही पुरेसं नाही. आलापल्लीचं नेट पहिल्या दिवसापासून तसंच होतं, तरी दोन वर्षं खेळ चाललाच. तलवारीच्या वाटणीवरून रुसवा झाला त्यानंतरही ते पाच महिने खेळत होते. वाटणीची भांडणं तर या खेळाच्या पाचवीलाच पुजलेली. १९९९ साली आलेल्या 'एव्हरक्वेस्ट'च्या टोळ्यांनी त्यावर तोडगा म्हणून हिशेबाची वही काढली. कोण किती वेळा हजर होता, त्याला किती गुण, आणि त्या गुणांवर कोणाला काय मिळणार. आपल्याकडे खडी गंमतीत बक्षिसाचा पैसा शाहिराचा की ढोलकीवाल्याचा यावरून रात्री किती तुंबळ होते ते तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी तेच दोघं एका बैलगाडीत बसून पुढच्या गावाला निघतात. वाटणीनं माणसं रुसतात, पण तेवढ्यावरून खेळ मोडत नाही.

आता दंडारीकडे येतो. इथे दंडार समजावून सांगणं म्हणजे वैनगंगेला पाणी दाखवणं आहे, पण हे छापलं जाणार, तेव्हा बाहेरच्या वाचकासाठी दोन शब्द. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा आमचा झाडीपट्टीचा मुलूख, भाताचा. दिवाळीच्या सुमारास धान हाती येऊ लागतं, गावोगाव मंडई भरते, आणि गावातलीच पुरुषमंडळी रात्री चौकात सोंगं घेऊन उभी राहतात. ढोलकी, टाळ, गण, मग एखादा पुराणातला नाही तर घरगुती प्रसंग. बायकांची कामंही पुरुषच करतात. तिकीट नाही. नट कोण? दिवसा ज्याच्या बांधीत तुम्ही कापणी केली तोच.

म्हणून मी म्हणतो की भाच्याचा खेळ आम्हाला नवा नाही. सोंग, टोळी, ठरलेली रात्र, आणि मागच्या वेळी जिथे थांबलो तिथून पुढे. फरक इतकाच की आमच्या दंडारीत वैद्य नव्हता. त्याच्या जागी दुसरं सोंग होतं.

या वैद्यावर थोडं थांबतो, कारण मला सगळ्यात जास्त रस त्यात आहे. टोळीत वैद्य कोणालाच व्हायचं नसतं. मारण्याचा आनंद त्याच्या वाट्याला नाही. जिंकलं तर नाव ढालवाल्याचं, हरलं तर "वैद्य काय झोपला होता काय?" पण वैद्य नसेल त्या रात्री खेळ उभा राहत नाही. दंडारीत ही जागा स्त्रीवेषाच्या पोराची. मिशी भादरायची, लुगडं नेसायचं, आणि दुसऱ्या दिवशी धुऱ्यावरून जाताना टवाळी ऐकायची. ते सोंग नको म्हणणारे पुष्कळ, घेणारा एखादाच. ज्या गावात तो एक पोरगा लग्न होऊन सासरच्या गावी राहायला गेला, नाही तर सासऱ्यानं "आता हे बंद" म्हणून बजावलं, त्या गावची दंडार त्या हंगामात झाली नाही. लोक मात्र सांगतात, "टीव्ही आला म्हणून दंडार बुडाली." टीव्हीला बिचाऱ्याला उत्तर देता येत नाही.

मघाच्या रिचर्ड बार्टलनं १९९६ साली एक निबंध लिहिला. या खेळात येणारी माणसं त्यानं चार प्रकारांत मांडली: कमावणारे, धुंडाळणारे, गप्पा मारायला येणारे आणि दुसऱ्याला छळायला येणारे. चारांचं प्रमाण बिघडलं की खेळ ओसाड पडतो असं त्याचं म्हणणं. छळणारे वाढले की गप्पिष्ट आधी निघून जातात. आमच्या चौकातही हे चारही बसलेले असतात. भाच्याच्या टोळीत हैदराबादचा पोरगा कमावणारा होता. तो आठवड्यातले चार दिवस एकटाच खेळून पुढे जायचा, आणि शनिवारी बाकीच्यांची वाट पाहत कंटाळायचा. पुण्याचा नुसता बोलायला यायचा, त्याला राक्षस मेला काय, जगला काय. दोन वर्षं या दोघांनी एकमेकांना सहन केलं. म्हणजे वेगळ्या आवडीची माणसं एकत्र खेळू शकतात. बार्टलचा निबंध मला आवडतो, पण तो माणसं का जातात ते सांगतो. इतके दिवस का राहिली, ते सांगत नाही.

माझ्या मते ती राहतात ती सगळे एकाच वेळी रिकामे असतात म्हणून.

धानाचं पीक पाहा. एका पाण्यावर सगळ्यांची रोवणी, एकाच सुमाराला सगळ्यांची कापणी. पुंजणे रचून झाले की मालक आणि मजूर दोघंही एकाच आठवड्यात मोकळे. हे रिकामपण कोणी ठरवलेलं नव्हतं, ते पिकानं दिलेलं होतं. दंडार त्या रिकाम्या जागेत उगवली. पुढे काही गावांत कालव्याचं नाही तर बोअरचं पाणी आलं आणि उन्हाळी धान आलं, तिथला शेतकरी जानेवारीत पुन्हा चिखलात. ज्याच्याकडे पाणी नाही तो बायकापोरांसह मिरची तोडायला तेलंगणात. कोनसरीला कारखाना उभा राहिला, सुरजागडच्या खाणीवर पोरं लागली, आणि गावात पाळ्या आल्या. कोणी रात्री आठला निघतो, कोणी सकाळी आठला परततो. यातलं काहीही वाईट म्हणायला मी आलेलो नाही. पोट भरणाऱ्याला दंडारीचं कौतुक ऐकवणं हा शहाण्यांचा जुना छंद आहे. मी एवढंच म्हणतो की गावात रिकामी माणसं आजही आहेत, पण ती वेगवेगळ्या वेळी रिकामी आहेत.

यावर जग एक उपाय काढतं, आणि तो उपाय फार चांगला असतो, इतका चांगला की त्यानंच टोळी संपते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये सुरुवातीला मोठ्या मोहिमेला चाळीस माणसं लागत. चाळीस माणसं एका वेळी गोळा करणं म्हणजे लग्नाची वरात काढणं. २००७ मध्ये ती संख्या पंचवीसवर आणि दहावर आणली. मग २००९ च्या डिसेंबरात लहान मोहिमांसाठी एक सोय आली. एक बटण दाबा, यंत्र तुम्हाला चार अनोळखी जोडीदार शोधून देईल, वैद्यासकट. कोणाची वाट पाहायला नको, कोणाची मनधरणी नको. लोकांना सोय हवीच होती. पण ज्या रात्री वैद्य बटणावर मिळू लागला, त्या रात्रीपासून तुमच्या टोळीतल्या वैद्यानं येणं न येणं सारखंच झालं.

आमच्याकडे हे बटण वडसा इथे आहे. वडसा, म्हणजे देसाईगंज, झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं गाव. पूर्वी गावचं मंडळ नाटक बसवायचं, कामं गावकरी करायचे, नटी आणि एखादा गाणारा तेवढा बाहेरून आणायचे. आता बहुतेक ठिकाणी मंडळ वडशाला जाऊन अख्खी कंपनी ठरवतं. रात्री दहाच्या पुढे पडदा वर जातो, पहाटे खाली येतो, आणि हजारो माणसं थंडीत चादर घेऊन बसलेली असतात. मला या रंगभूमीचा अभिमान आहे. गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मी पेढे वाटले. पण अभिमानाच्या पोटात एक हिशेबही आहे. कंपनी आली आणि नाटक वाचलं, गावातला नट मात्र प्रेक्षक झाला. नाटकासाठी आता गावातले वीस जण एका वेळी रिकामे असण्याची गरज नाही. दोन कार्यकर्ते आणि वर्गणी पुरते.

कोणी म्हणेल, खेळ बाहेरच्या घावानं बंद पडतात, आतल्या कशानं नव्हे. घाव पडतात हे खरं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती थांबवल्या. आमच्या शंकरपटाला कुलूप लागलं, आणि पटाच्या रात्री होणारी नाटकं अडचणीत आली. २०१६ ला ऐन हंगामात, ८ नोव्हेंबरच्या रात्री, नोटा बंद झाल्या. २०२० चा हंगाम करोनानं गिळला. त्याच २०२० च्या २ सप्टेंबरला सरकारनं ११८ ॲपांवर बंदी घातली आणि त्यात पब्जी गेलं. ते काही सोंगाचं नाटक नव्हे, बंदुकीचा खेळ, पण गावच्या पारावर चार पोरं डोकं जुळवून खेळायची ती टोळीच होती.

पण पुढे काय झालं ते पाहा, कारण बंद पडलेले खेळ परत आले. १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयानं अटी घालून शर्यतींना परवानगी दिली, पट पुन्हा भरले. पब्जी २ जुलै २०२१ ला नवं नाव घेऊन परतलं. आणि 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'वाल्यांनी २७ ऑगस्ट २०१९ ला आपला पंधरा वर्षांपूर्वीचा जुना खेळ होता तसा पुन्हा उघडला, तीच अरण्यं, तेच चाळीस जणांचे डोंगर. लोकांनी दाराशी रांगा लावल्या. खेळ जसाच्या तसा मिळाला. जुनी टोळी किती जणांना मिळाली? पारावरच्या पोरांना विचारा. पब्जी आलं तोवर त्यातला एक पोलीस भरतीच्या तयारीला लागला होता, एक मिरचीला गेला होता. माझं म्हणणं त्यामुळे असं: बंदीनं खेळ थांबतो, पण टोळी मोडते ती थांबलेल्या दिवसांत. ते दिवस भरून निघत नाहीत.

इथे मार्कंडेयाच्या कथेची एक आठवण होते, विषय सोडून नव्हे. सोळा वर्षांचं आयुष्य घेऊन आलेलं पोर पिंडीला मिठी मारून बसलं आणि चिरंजीव झालं. भाच्याच्या खेळातली पात्रंही चिरंजीव आहेत. ती सहा सोंगं आजही कंपनीच्या यंत्रात जिथे शेवटच्या शनिवारी थांबली तिथेच उभी आहेत. वैद्याच्या झोळीत औषध आहे, ढालवाल्याची ढाल शाबूत आहे. चिरंजीव होण्यात एक अडचण आहे, बरोबरीचे कोणी उरत नाहीत.

अमेरिकेत पालो आल्टो इथल्या काही संशोधकांनी २००६ साली पाहिलं की या खेळांत माणसं बराचसा वेळ प्रत्यक्षात एकटीच खेळत असतात, पण भोवती इतर माणसं असलेली त्यांना हवी असतात. कोणी पाहणारं, कोणाशी दोन शब्द. हे वाचून मला हसू आलं, कारण आमच्या चौकात दंडार चालू असताना अर्धा गाव शेकोटीभोवती तंबाखू मळत असतो. पलीकडच्या आदिलाबादेत राजगोंडांची दंडारी दिवाळीत एका गावाहून दुसऱ्या गावी पाहुणी म्हणून जाते, आणि त्या गावाला पाहुणचार करावाच लागतो. पाहुणे येणार म्हटलं की घर झाडावं लागतं. तसं दुसरं गाव येणार म्हटलं की आपली दंडार बसवावी लागते.

आता बल्लारपूरचा पोरगा. तो वैद्य होता, हे मी मुद्दाम आतापर्यंत सांगितलं नाही. त्याची नोकरी पाळीची. दर शुक्रवारी संध्याकाळी तो पाचही जणांना एकच ओळ पाठवायचा: "उद्या साडेनऊ." कोणी उत्तर दिलं नाही तर फोन. पुण्याच्याला "दहा मिनिटं ये, वहिनीला मी सांगतो." आलापल्लीच्याला "टेकडीवर जाऊन बस, तिथे नेट येते." पाळी शनिवारची आली तर सोबत्याशी बदलून घ्यायचा, आणि त्याच्या बदल्यात सणाच्या दिवशी कामावर जायचा. हे बाकीच्यांना ठाऊक नव्हतं. मलाही त्यानं तिसऱ्या वेळी विचारल्यावर सांगितलं.

एका शुक्रवारी त्यानं ओळ पाठवली नाही. "काहून नाही पाठवली गा?" मी विचारलं. म्हणाला, "काही नाही जी. म्हटलं, एखादवेळी दुसरं कोणी पाठवते का पाहू."

कोणी पाठवली नाही. त्या शनिवारी पाच जण आपापल्या गावी साडेनऊपर्यंत वाट पाहत होते. प्रत्येकाला वाटलं, बाकीच्यांना आज जमत नसेल. पुढच्या शनिवारीही तसंच. तिसऱ्या शनिवारी कोणी वाट पाहिली नाही. नेट, लग्न, तलवार ही कारणं त्यानंतर सापडली, घर रिकामं झाल्यावर कोपऱ्यात वस्तू सापडतात तशी. टोळी मोडायला वैर लागत नाही. सहाही जणांना खेळायचं असताना ती मोडू शकते.

गुरुजींकडे कंदील होता हे इथल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल. कार्तिकात रात्री जेवणं झाली की ते कंदील घेऊन गावातून एक फेरी मारायचे आणि दारादारात थांबून नावानं हाक द्यायचे, तालमीला चला. आम्ही समजायचो, दंडारीत गुरुजींचं काम म्हणजे राजाचं. ते राजा व्हायचेही, ठीकठाक. पण त्यांचं खरं काम त्या फेरीचं होतं, आणि त्याला कधी टाळी पडली नाही. ते गेले त्या वर्षी ढोलकी जागेवर होती, पेटी होती, राजाचा मुकुट होता, राजाचं काम पाठ असलेले तीन जण होते. फेरी कोणी मारली नाही. आज त्या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. त्यानं त्या रात्री बल्लारपूरच्याला फोन केला. खेळ पुन्हा सुरू झाला का, असं मला विचारू नका. चौघं येतात, पुण्याचा अधूनमधून, हैदराबादचा येत नाही. पण आता शुक्रवारची ओळ आळीपाळीनं पाठवायची असं ठरलंय. वैद्याचं सोंगही पाळीपाळीनं.

एक शेवटची सूचना, अध्यक्षांच्या परवानगीनं. गुरुजींच्या घरच्यांनी ढोलकी जपून ठेवली आहे. एका बाजूचं कातडं गेलंय, ते बसवायला मी दिलं आहे, गुरुवारपर्यंत मिळेल. येत्या शनिवारी रात्री साडेनऊला मी शाळेच्या ओट्यावर बसलेला असेन. मला सोंग येत नाही, टाळ येतो. ज्यांची पाळी असेल त्यांनी आत्ताच खाली उतरल्यावर मला सांगा, म्हणजे वार बदलता येईल. बाकीच्यांनी येजा गा.